चपटं पिस्तूल, दुखरा अंगठा: एका निवडीचं प्रकरण

चौथ्या गोळीला पिस्तूल अडकलं. रिकामी पुंगळी बाहेर उडायच्या ऐवजी स्लाईडच्या, म्हणजे पिस्तुलाच्या मागे-पुढे सरकणाऱ्या वरच्या भागाच्या, खिडकीत उभी राहिली, छपरावरच्या धुराड्यासारखी. वहिनींनी नळी समोरच ठेवली, चापावरचं बोट काढलं आणि मान न वळवता म्हणाल्या, "भाऊजी, परत झालं." आवाज शांत होता. पण पिस्तूल टेबलावर ठेवल्यावर त्या उजव्या अंगठ्याचं बूड डाव्या हाताने दाबत उभ्या राहिल्या. मागे त्यांचे यजमान, म्हणजे माझा मित्र, घाईघाईने म्हणाला, "अगं, जरा घट्ट धर ना."

मी रेंजवर नेमबाजी शिकवतो आणि शिकायला येणाऱ्या प्रत्येकाची एक वही ठेवतो. तारीख, किती राउंड म्हणजे किती गोळ्या, कोणती काडतुसं, कोणतं मॅगझिन (काडतुसं भरून मुठीत सरकवायची डबी), काय अडलं. वहिनींच्या वहीचं पहिलं पान त्या दिवशीचं आहे: 24 राउंड, सहा वेळा अडकलं. पुढच्या दोन महिन्यांत जे झालं ते त्या वहीवरूनच सांगतो आहे, दोघांच्या परवानगीने, नावं सोडून.

वहिनींचं औषधांचं दुकान आहे. रात्री उशिरा गल्ला मोजून, कुलूप लावून त्या एकट्या गाडीपर्यंत चालत जातात. एका रात्री दोघेजण मागोमाग गाडीपर्यंत आले, काचेवर थापा मारत राहिले आणि समोरून दुसऱ्या गाडीचे दिवे दिसले तेव्हा पांगले. त्यानंतर परवाना, प्रशिक्षण, शस्त्र जवळ बाळगण्याचे नियम, सगळं रीतसर झालं. हे नियम जागोजागी वेगळे असतात आणि ती पायरी पिस्तूल बघण्याच्या आधीची आहे. दोघांनी ती नीट पार केली होती, म्हणून इथे तिच्यात शिरत नाही. चूक पुढच्या पायरीवर झाली. परवाना हातात आला त्याच आठवड्यात मित्राने पिस्तूल आणलं आणि लग्नाच्या वाढदिवशी डबा उघडून वहिनींच्या पुढ्यात ठेवला. 9 एमएम (हा काडतुसाचा एक आकार), रिकामं असताना जेमतेम 400 ग्रॅम, सहा राउंडचं मॅगझिन, तळहातात मावेल एवढं. कंपनी नावाजलेली. "तिच्या पर्समध्ये आहे की नाही कळणारसुद्धा नाही," असं त्याने मला फोनवर मोठ्या हौसेने सांगितलं होतं. त्या हौसेत काळजी होती, प्रेम होतं, मी ते नाकारत नाही. पण ज्या हाताने ते चालवायचं तो हात खरेदीच्या वेळी तिथे नव्हता.

पहिली शंका मी पिस्तुलावरच घेतली. ते उघडलं, कारखान्यातून आलेलं घट्ट ग्रीस पुसून काढलं, नव्याने तेल दिलं. दोन मॅगझिन होती, त्यांच्या बुडाला रंगाने 1 आणि 2 असे आकडे घातले. हे प्रत्येकाने करावं. मॅगझिनला नंबर नसेल तर वारंवार अडकणारं पिस्तूल खराब आहे की एकच मॅगझिन खराब आहे, हे कधीच कळत नाही. मग एका वेळी एकच गोष्ट बदलत गेलो. तीच काडतुसं, तीच मॅगझिन, माझा हात: 50 राउंड, एकदाही अडकलं नाही. मित्राचा हात: 30 राउंड, एकदाही नाही. शेवटी मीच मुद्दाम मनगट सैल सोडलं, अंगठा मुठीला न टेकवता झाडलं. दुसऱ्याच गोळीला पुंगळी खिडकीत उभी.

मित्राचा चेहरा खुलला. "म्हणजे पिस्तूल चांगलं आहे!"

"तुझ्यासाठी चांगलं आहे," मी म्हटलं.

गोळी सुटते तेव्हा स्लाईड मागे जाते, जाताना पुंगळी ओढून बाहेर फेकते, स्प्रिंग दाबते, आणि त्याच स्प्रिंगच्या जोरावर पुढे येताना मॅगझिनमधलं नवं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, ढकलते. हे पुरतं व्हायचं तर खालची फ्रेम जागेवर राहायला हवी. मनगट मागे ढळलं की फ्रेमही स्लाईडबरोबर मागे जाते, स्लाईडचा प्रवास तोकडा पडतो आणि पुंगळी अर्धवट बाहेर आलेली असतानाच स्लाईड तिच्यावर मिटते. मोठ्या पिस्तुलात स्लाईड जड असते, तिला मागे जायला जागाही भरपूर असते, त्यामुळे पकड थोडी ढिली पडली तरी खपून जातं. छोट्यात खपायला जागाच उरत नाही. शिवाय हलक्या स्लाईडला थोड्याशा अंतरात थोपवायचं म्हणून स्प्रिंग ताठ घालावी लागते. पिस्तूल रिकामं आहे याची दोनदा खात्री करून मी सामान तोलायचा काटा स्लाईडला अडकवून ओढला. काट्याने नऊ किलो दाखवले. वहिनींच्या अंगठ्याला आणि तर्जनीला चिमटीत ओढून ते जमणं शक्य नव्हतं.

धक्क्याचा हिशेबही त्या दोघांसमोर कागदावर मांडला. 9 एमएमची 115 ग्रेनची गोळी (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) म्हणजे साधारण साडेसात ग्रॅम. ती सेकंदाला 350 मीटरने निघाली, तर भरलेलं अर्ध्या किलोचं पिस्तूल सेकंदाला सव्वापाच मीटरच्या आसपास वेगाने मागे यायला बघतं. तीच गोळी भरलेल्या 900 ग्रॅमच्या पिस्तुलातून सुटली की तो वेग तीनच्या आत राहतो. दारूच्या वायूचा वाटा यात धरलेला नाही, तो धरला की दोन्ही आकडे वाढतात. हाताला जी ऊर्जा सोसावी लागते ती पहिल्या पिस्तुलात दुसऱ्याच्या पावणेदोन पटीहून थोडी जास्तच भरते. पिस्तुलाचं वजन जेवढं खिशातून कमी होतं तेवढं ते हाताकडून वसूल होतं, आणि चपटं पिस्तूल मागतानाच हे ध्यानात घ्यायला हवं होतं. अरुंद मूठ हा धक्का तळहाताच्या छोट्या पट्टीवर उतरवते, म्हणून तो बोचतो. वहिनींच्या बाबतीत ती पट्टी नेमकी अंगठ्याच्या बुडाशी येत होती, आणि तिथला सांधा झिजलेला आहे. घरी बरणीचं झाकण उघडायला त्या मुलाला हाक मारतात. हे मित्राला माहीत होतं. फक्त पिस्तूल निवडताना त्याच्या डोक्यात ते आलं नाही.

"घट्ट धर" हा सल्ला इथे का चालत नाही, हे मला त्याला बराच वेळ समजावून सांगावं लागलं. आपण विश्वासार्ह म्हणतो तेव्हा कंपनीचं नाव, फौजांनी किंवा पोलिसांनी घेतलेली पिस्तुलं, हजारो राउंडच्या चाचण्या असं सगळं डोळ्यांसमोर असतं. त्याला किंमत आहेच. पण त्या चाचण्या धडधाकट मनगटांनी केलेल्या असतात. अंधारात, घाबरलेली, एका हातात किल्ल्या असलेली, सांधा दुखणारी बाई ते पिस्तूल उचलेल तेव्हा ते चालेल का, हा प्रश्न त्यांत कुणी विचारलेला नसतो. पिस्तूल, मॅगझिन, काडतूस आणि हात मिळून एकच यंत्र होतं. वहिनींच्या हातात ते 24 पैकी सहा वेळा बंद पडलं, म्हणजे वहिनींसाठी ते अविश्वासार्ह होतं. बाकी कुणाच्या हातात कसं चालतं याने त्यात काही फरक पडत नाही.

त्या दिवशी मी मित्राला बाहेर थांबायला सांगितलं आणि वहिनींना एकटीलाच विचारलं, "तुम्हाला हे जवळ बाळगायचं आहे का? खरं सांगा, नाही म्हणालात तरी चालेल." नवऱ्याच्या आग्रहाखातर घेतलेलं शस्त्र दोन महिन्यांत कपाटात जातं आणि कपाटातलं विसरलेलं शस्त्र घरात नसलेलं बरं, असं माझं ठाम मत आहे. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "हवंय, भाऊजी. त्या रात्री हात थरथरत होते, किल्ली लागेना. पण मला याची भीतीही वाटते. आणि प्रत्येक वेळी हात दुखतो ते यांना सांगायला बरं वाटत नाही, एवढ्या प्रेमाने आणलंय." मी म्हटलं, भीती असू द्या, ती बोट चापापासून दूर ठेवते. दुखणं मात्र सांगायलाच हवं. त्या संध्याकाळी त्यांनी यजमानांना सांगितलं. तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "मला वाटलं होतं सवय होईल." मग थोडं थांबून म्हणाला, "आता तिलाच ठरवू दे." या प्रकरणात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे वाक्य.

पुढचा आठवडा आम्ही एकही गोळी झाडली नाही, रिकामं पिस्तूल देऊन फक्त वहिनींचा हात बघितला. मूठ धरल्यावर पिस्तुलाच्या मागच्या पट्टीपासून चापापर्यंत तर्जनीचं पहिलं पेर आरामात पोचतं का? पोचत नसेल तर माणूस नकळत मूठ फिरवून धरतो, आणि मग धक्का तळहाताच्या मध्यात न येता थेट अंगठ्याच्या सांध्यावर येतो. करंगळीला मुठीवर जागा मिळते का? आखूड मुठीत करंगळी खाली लोंबकळते आणि पकडीतला मोठा वाटा जातो. अंगठा वर ताठ ठेवावा की खाली मुडपून? वहिनींना ताठ, पुढे झुकलेला अंगठा सोसत होता. सगळ्यांत जास्त फरक स्लाईड ओढण्याच्या पद्धतीने पडला. त्या चिमटीत ओढत होत्या. मी त्यांना पिस्तूल छातीजवळ घ्यायला लावलं, नळी सुरक्षित दिशेला, डावा तळहात वरून स्लाईडवर आणि चारही बोटं पलीकडच्या बाजूला. मग डावा हात जागेवर धरून उजव्या हाताने फ्रेम पुढे ढकलायची. जोर खांद्यातून येतो, अंगठ्याला काम उरत नाही. त्या नऊ किलोच्या स्लाईडलाही त्यांनी दहा प्रयत्नांत सात वेळा मागे नेलं. सात पुरेसे नव्हते, पण ताकद नाही म्हणून सोडून द्यावं असंही हे प्रकरण नव्हतं.

मग पर्याय मांडले. चपट्या 9 एमएम पिस्तुलांची सध्याची पिढी तशी अलीकडची. 2012 चं स्मिथ अँड वेसन शील्ड आणि 2015 चं ग्लॉक 43 या एकेरी रांगेच्या मॅगझिनच्या पिस्तुलांनी वाट रुळवली. 2018 मध्ये सिग सॉअरच्या पी365 ने साधारण इंचभर जाडीत 10 राउंड बसवले, 2019 मध्ये स्प्रिंगफील्डचं हेलकॅट 11 वर गेलं. त्याच वर्षी ग्लॉकने 43एक्स काढलं, 43 सारखीच अरुंद स्लाईड पण लांब मूठ, 10 राउंड. म्हणजे आज चपटेपणासाठी राउंडचा फार मोठा त्याग करावा लागत नाही. त्याग करावा लागतो तो वजनाचा आणि मुठीच्या लांबीचा, आणि वहिनींना नेमकं तेच परवडत नव्हतं.

.380 घ्यायचं का, हा प्रश्न साहजिकच आला. 1908 पासूनचं, शस्त्रं घडवणाऱ्या ब्राउनिंगचं हे काडतूस 9 एमएमपेक्षा आखूड आणि सौम्य आहे. इथे एक गैरसमज खोडायलाच हवा. काडतूस सौम्य म्हणजे स्लाईड सोपी असं नाही. वाल्थर पीपीकेसारख्या जुन्या घडणीच्या पिस्तुलात नळी जागेवर पक्की असते आणि स्लाईडला फक्त तिचं वजन आणि स्प्रिंग थोपवून धरतात, म्हणून स्प्रिंग ताठ असते आणि धक्काही झटक्याने येतो. 2014 च्या ग्लॉक 42 मध्ये नळी आणि स्लाईड सुरुवातीला एकमेकांत अडकून मागे जातात, म्हणून तेच काडतूस असूनही ते हाताला बरंच मऊ लागतं. उलट बाजूही सांगितली. 1986 मध्ये मायामीत दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीनंतर एफबीआयने, म्हणजे अमेरिकेच्या तपास यंत्रणेने, काडतुसांच्या चाचण्यांचे निकष नव्याने ठरवले, त्यात शरीराऐवजी वापरलेल्या घट्ट जेलीत गोळी किमान 12 इंच शिरणं अपेक्षित असतं. छोट्या नळीतून झाडलेली .380 ची फुलणारी, म्हणजे लागल्यावर पसरून रुंद होणारी, गोळी बरेचदा एक तर फुलत नाही किंवा फुलली तर तेवढी खोल जात नाही. म्हणून .380 ला मी नको म्हटलं नाही, पण 9 एमएम झेपत असेल तर ते आधी बघू, असं ठरलं.

रिव्हॉल्व्हर मित्राने सुचवलं. "त्यात अडकायचा प्रश्नच नाही." अडकण्याचा प्रश्न बराच कमी होतो हे खरं, स्लाईड नाही, मनगट सैल असलं तरी फरक पडत नाही. पण छोट्या रिव्हॉल्व्हरचा चाप दर वेळी चार-पाच किलोंनी ओढावा लागतो, त्याचं सिलेंडर, म्हणजे काडतुसांचा फिरता गोल भाग, चपटं नसतं आणि हलकं घेतलं तर धक्का तोच. वहिनींनी रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा चाप पाच वेळा ओढला. सहाव्यांदा बोट थांबलं. एवढ्यावर तो विषय संपला.

चाचणीच्या दिवशी रेंजवर भाड्याने मिळणारी तीन पिस्तुलं ठेवली. नियम एकच: मित्राने बोलायचं नाही. प्रत्येकातून वहिनींनी 20 राउंड झाडायचे, दुखेल तिथे थांबायचं, आणि मी विचारण्याआधी स्वतः वहीत दुखण्याला शून्य ते दहा असा आकडा द्यायचा. पहिलं, दहा राउंडचं छोटं, एकदाही अडकलं नाही. आकडा सात, बाराव्या राउंडला थांबल्या. दुसरं, तेवढंच चपटं पण लांब मुठीचं: आकडा पाच, वीस पूर्ण, गोळ्यांचा पुंजका पंज्याएवढा. तिसरं होतं स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझेड, 9 एमएमचं. या मालिकेतलं .380 आधी 2018 मध्ये आलं, 9 एमएम त्यानंतर. इंचाच्या आसपास जाड, रिकामं असताना साधारण साडेसहाशे ग्रॅम, मॅगझिन आठ राउंडचं. स्लाईड माझ्या काट्यावर साडेपाच किलोंना मागे आली. मॅगझिनला बाजूला छोटं बटण आहे, ते खाली दाबलं की आतली स्प्रिंग दबते आणि काडतूस नुसतं सोडायचं. वहिनींनी आठही काडतुसं अंगठ्याला न दुखवता भरली, मॅगझिन उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाल्या, "हे कुणीतरी विचार करून केलंय." वीस राउंड, एकदाही अडकलं नाही, आकडा तीन.

मित्राने न बोलण्याचा नियम तिथे मोडला. "पण हे त्याच्यापेक्षा अडीचशे ग्रॅम जड आहे. दिवसभर कसं बाळगणार?"

शंका रास्त होती. म्हणून वहिनींनी त्याच आकाराचं, त्याच वजनाचं, न चालणारं सरावाचं पिस्तूल आठवडाभर दुकानात बाळगलं. आधी पर्समध्ये. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या लक्षात आलं की दिवसातून अनेकदा पर्स काउंटरवर ठेवून त्या मागच्या मांडणीकडे जातात. माझं पर्सबद्दल आधीपासूनच वाईट मत आहे. पर्स हिसकावली की शस्त्रही गेलं, आणि घरात लहान मूल असलं तर आईची पर्स हीच त्याची खेळण्याची जागा असते. बाळगायचीच झाली तर शस्त्राचा कप्पा स्वतंत्र, बंद आणि त्यात टिकली-पिनसुद्धा दुसरं काही नाही. त्यामुळे कंबरेवर आलो. बायकांची कंबर वर आणि नितंबाचा बाक मोठा, म्हणून पुरुषासारखं बाजूला लावलं की मूठ बरगडीत घुसते. वहिनींना पोटाच्या उजव्या अंगाला, किंचित पुढे, रुंद आणि ताठ पट्ट्यावर सोयीचं झालं. होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, कडक प्लास्टिकचं, चाप पूर्ण झाकणारं. कापडी मऊ होल्स्टर मी वापरू देत नाही, कारण पिस्तूल परत ठेवताना त्याची घडी चापात शिरू शकते. आठवड्याच्या शेवटी वजनाबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "पट्टा चांगला असला तर वजन कळत नाही. ते छोटं हातात घेतलं की वजनापेक्षा भीती जास्त वाटायची."

निवड झाली. पण त्यात अजून दोन गाठी होत्या. या पिस्तुलाच्या मुठीमागे एक दाबसेफ्टी असते. तळहाताने ती दाबली जात नाही तोवर गोळी सुटत नाही. ज्या हाताची पकड सैल पडते त्याच्यासाठी ही गोष्ट तारकही ठरू शकते आणि घातकही. म्हणून रिकाम्या पिस्तुलाने होल्स्टरमधून काढून चाप ओढण्याचे 50 सराव घेतले, त्यातले काही फक्त उजव्या हाताने, काही डोळे मिटून. पन्नासही वेळा सेफ्टी दाबली गेली. एकदाही चुकली असती तर मी दुसऱ्या पिस्तुलाकडे वळलो असतो, हे वहीत आधीच लिहून ठेवलं होतं. अंगठ्याने फिरवायची वेगळी सेफ्टी असलेलं आणि नसलेलं, असे दोन्ही प्रकार मिळतात. वहिनींनी नसलेलं घेतलं, कारण त्यांच्या अंगठ्याला तेवढं एक काम कमी.

दुसरी गाठ कागदाची. 2020 च्या अखेरीस कंपनीने 9 एमएम शील्ड ईझेडच्या ठरावीक काळात बनलेल्या काही पिस्तुलांचे हॅमर (चाप ओढल्यावर आदळणाऱ्या हातोड्या) सदोष असू शकतात म्हणून ती परत तपासायला मागवली होती. कंपनीने स्वतःहून माल परत मागवला ही माझ्या दृष्टीने जमेची बाजू आहे. पण वापरलेलं पिस्तूल घेताना कुणी हे सांगेलच असं नाही. आम्ही पैसे देण्याआधी सिरियल नंबर कंपनीकडे पडताळून घेतला. कोणत्याही कंपनीचं, कोणतंही पिस्तूल घेताना हे करायला काही मिनिटं लागतात.

नवं पिस्तूल घरी आलं तरी लगेच कंबरेला लागलं नाही. आधी साफसफाई, तेल, मॅगझिनना आकडे. मग चार फेऱ्यांमध्ये साध्या काडतुसांचे 240 राउंड. एका फेरीला साठापेक्षा जास्त नाही, कारण थकलेला, दुखरा हात वाईट सवयी शिकतो. त्यानंतर जी काडतुसं रोज बाळगायची त्यांतलेच 60, दोन्ही मॅगझिनमधून सारखे. हे महाग पडतं आणि म्हणून बरेच जण टाळतात. पण सरावाच्या गोळीचं नाक गोल असतं आणि फुलणाऱ्या गोळीचं तोंड बोथट, उघडं. चेंबरच्या उतारावर दोन्ही सारख्याच सरकतील असं गृहीत धरणं मला मान्य नाही. हे सगळं वहिनींच्या हाताने, एकही राउंड माझ्या किंवा मित्राच्या हाताने नाही.

तिसऱ्या फेरीत एक गोष्ट घडली. शेवटची गोळी सुटल्यावर स्लाईड मागे थांबायला हवी, ती थांबली नाही. पुढच्या मॅगझिनलाही तेच. मित्र लगेच म्हणाला, "पिस्तुलात दोष आहे." मी वहिनींच्या हाताकडे बघत होतो. ताठ ठेवलेला अंगठा धक्क्याने किंचित खाली येऊन स्लाईड थांबवणाऱ्या खटक्यावर टेकत होता आणि त्याला वर यायला देत नव्हता. अंगठा अर्धा इंच दूर सरकवला. पुढच्या प्रत्येक मॅगझिनला स्लाईड मागे थांबली. वहीत त्या जागी मी "अंगठा" एवढाच शब्द लिहून त्याला गोल केला आहे.

शेवटचा प्रश्न होता, चेंबरमध्ये काडतूस ठेवून बाळगायचं की रिकाम्या चेंबरने. मित्राला रिकामं हवं होतं, मनाला तेवढी शांतता. वहिनींनी मलाच विचारलं. मी त्यांना उजव्या हातात सरावाचं पिस्तूल आणि डाव्या हातात किल्ल्यांचा जुडगा देऊन म्हटलं, आता स्लाईड ओढा. त्यांनी किल्ल्यांकडे बघितलं आणि उत्तर समजलं. तरीही सराव पूर्ण होईपर्यंत, चापापासून बोट दूर ठेवणं अंगवळणी पडेपर्यंत, पहिले सहा आठवडे रिकाम्या चेंबरनेच चाललं. घरी आल्यावर पिस्तूल होल्स्टरसकट काढून कुलपाच्या पेटीत जातं. मुलगा मोठा आहे, समजूतदार आहे, तरीही पेटीचा आकडा दोघांनाच माहीत आहे.

ते पहिलं छोटं पिस्तूल मित्राने रीतसर विकलं. त्याआधी एकदा त्याने ते रेंजवर आणून स्वतः पन्नास राउंड झाडले आणि संध्याकाळी तळहात चोळत मला म्हणाला, "हे मी तिला रोज करायला सांगत होतो?" वहिनींनी ते ऐकलं, पण काही बोलल्या नाहीत.

आता त्या महिन्यातून एकदा येतात. वही मी त्यांनाच देऊन टाकली आहे. परवाची नोंद त्यांच्या अक्षरात आहे: "50 राउंड. मॅग. 1 आणि 2. अडकलं नाही. दुखणं दोन. पुढच्या वेळी डाव्या हाताने दहा."